विश्लेषण : शाळा डिजिटल झाली, पण धडा प्रत्येक मुलापर्यंत पोहोचतो का?

जिल्हा परिषदेच्या शाळेत स्मार्ट टीव्ही आला, पुस्तकात क्यूआर कोड आला, पालकांच्या हातात फोन आला. पण ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा अक्षरे जुळवतानाच ज्याची दमछाक होते, त्या मुलाला यातले किती मिळते? उत्तर अनेकदा एखाद्या फॉन्टपाशी किंवा रिकाम्या पदापाशी अडलेले असते.

कर्जत म्हटले की अनेकांना रायगडचे कर्जत आठवते. हे दुसरे कर्जत, अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेचे. भीमेकाठचे सिद्धटेक, राशीनची देवी आणि रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य याच तालुक्यात. तालुका अवर्षणप्रवण. कुकडीच्या कालव्याचे पाणी पोहोचते तिथे ऊस, बाकी ठिकाणी ज्वारी. माणसे गावठाणापेक्षा वाड्या-वस्त्यांवर जास्त विखुरलेली, म्हणून शाळाही विखुरलेल्या. अनेक वस्तीशाळांत शिक्षक दोन आणि वर्ग चार.

अशा एखाद्या शाळेतला चौथीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. हे चित्र कोणा एका शाळेचे नाही, पण कोणत्याही शिक्षकाला ते ओळखीचे वाटेल. परिसर अभ्यासाचा तास आहे. गुरुजींनी टीव्हीवर जलचक्राचा व्हिडिओ लावला आहे. निवेदक सांगतो, "आता इथे बघा, इथून वाफ वर जाते आणि तिकडे ढग तयार होतात." वर्ग खूश आहे. दृष्टिहीन मुलाला मात्र 'इथून' म्हणजे कुठून आणि 'तिकडे' म्हणजे कुठे, हे कळत नाही. त्याच्या मागच्या बाकावर कर्णबधिर मुलगी आहे. तिला बाण आणि ढग दिसतात, शब्द एकही मिळत नाही. तिसरा मुलगा तोंडी सगळे सांगतो, पण व्हिडिओनंतर चार ओळींची कार्यपत्रिका हातात आली की पेन्सिल टोकरत बसतो. चौथा हजेरीपटावर आहे, पण दिवाळीनंतर आईवडिलांसोबत ऊसतोडीला गेला आहे.

शाळेच्या अहवालात हा तास 'डिजिटल साधनांचा वापर : होय' असाच नोंदला जाईल. चार मुलांचे काय झाले, हे नोंदवायला त्यात रकाना नसतो.

शाळा डिजिटल कशा झाल्या?

राज्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये तंत्रज्ञान आधी शिक्षकांच्या हट्टाने शिरले, धोरण नंतर आले. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची छोटी शाळा डिजिटल शाळा म्हणून गाजली आणि राज्यभरातले शिक्षक ती पाहायला जाऊ लागले. २२ जून २०१५ रोजी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. त्यानंतर गावोगावी प्रोजेक्टर, टॅब, टीव्ही आले. त्यातले बरेचसे लोकवर्गणीतून आले. यात्रेच्या पैशातून किंवा सप्ताहाच्या उरलेल्या रकमेतून शाळेला टीव्ही घेऊन देणारी गावे नगर जिल्ह्यात कमी नाहीत. कर्जत तालुकाही यात मागे नव्हता. बंडगरवस्तीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक विक्रम अडसूळ हे 'ॲक्टिव्ह टीचर्स महाराष्ट्र' या शिक्षकसमूहाचे संयोजक म्हणून राज्यभरातल्या शिक्षकांना परिचित आहेत.

सगळ्यात गाजलेले उदाहरण शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडून त्यातून कविता, गोष्टी, व्हिडिओ आणि स्वाध्याय मुलींपर्यंत पोहोचवण्याचा त्यांचा प्रयोग पुढे राज्याने उचलला. २०१७ मध्ये राज्यभरच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याची घोषणा झाली. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' जाहीर झाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले.

या कथेतला एक भाग बातम्यांत तुलनेने कमी आला. पुरस्कार देणाऱ्या वार्की फाउंडेशनच्या माहितीनुसार परितेवाडीतल्या अनेक मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तके त्यांना कळणाऱ्या भाषेत नव्हती. डिसले यांनी आधी भाषा शिकून घेतली, पुस्तके भाषांतरित केली आणि मग कोड जोडले. म्हणजे मुळात प्रश्न तंत्रज्ञानाचा नव्हताच. वर्गात बसूनही धड्याबाहेर राहिलेल्या मुलींचा होता. कोड हा त्यावरचा शेवटचा टप्पा. राज्यभर पसरताना चौकोनी कोड सगळीकडे गेला, पहिला टप्पा मात्र प्रत्येक शाळेत तितक्या सहज गेला नाही.

क्यूआर कोडमध्ये नेमके काय असते?

धडा नसतो, फक्त पत्ता असतो. पुस्तकातला कोड 'दीक्षा' ॲपने स्कॅन केला की त्या पाठाशी जोडलेले साहित्य उघडते. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेले 'दीक्षा' हे केंद्राचे व्यासपीठ असून महाराष्ट्राचे साहित्यही त्यावर आहे. कोडखाली सहा अक्षर-अंकांचा एक संकेत छापलेला असतो. कॅमेरा नीट चालत नसेल तर तो टाइप करूनही साहित्य मिळते.

आता दृष्टिहीन मुलाच्या बाजूने पाहा. सपाट कागदावर कोड कुठे छापला आहे, हे बोटांना कळत नाही. कोणी तरी स्कॅन करून दिले तरी पुढे उघडणाऱ्या व्हिडिओत चित्राचे वर्णन असेल तरच उपयोग. यावर काही शिक्षक साधी युक्ती करतात. कोडच्या कडेला फेव्हिकॉलचा थेंब वाळवून उंचवटा करतात किंवा टिकली चिकटवतात. खर्च एक रुपयाही नाही, आणि मुलाला स्वतः फोन धरता येतो.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. डिस्लेक्सियासारखी विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचा त्यात समावेश आहे. कलम १६ नुसार शासनाचा निधी किंवा मान्यता असलेल्या शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोय करायची. कलम १७ मध्ये चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना अठरा वर्षांपर्यंत पुस्तके, साहित्य आणि साहाय्यक उपकरणे मोफत देण्याची तरतूद आहे. कलम ४२ थेट डिजिटल मजकुराबद्दल आहे. दृक्श्राव्य माध्यमांत वर्णन, सांकेतिक भाषा आणि मथळे असावेत, असे ते सांगते.

न्यायालयानेही हा मुद्दा पुढे नेला आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. प्रकरण बँक-मोबाइलच्या ई-केवायसीचे होते. डोळ्यांची उघडझाप करून दाखवा, असे ॲप सांगते, आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांना किंवा दृष्टिहीनांना ते शक्य नसते. शाळेच्या ॲपलाही हेच तर्कशास्त्र लागू पडते.

पुस्तक बोलते का? गोष्ट एका फॉन्टची

दृष्टिहीन व्यक्ती फोन वापरते ती 'स्क्रीन रीडर'च्या मदतीने. पडद्यावरचा मजकूर हे सॉफ्टवेअर मोठ्याने वाचून दाखवते. अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' असतेच, वेगळे विकत घ्यावे लागत नाही. संगणकासाठी 'एनव्हीडीए' मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये त्याची सुरुवात केली. दोन्हींना मराठी वाचता येते. आवाज थोडा यांत्रिक वाटतो, पण सवय झालेली मुले इतक्या वेगाने ऐकतात की शेजारच्याला एक शब्द कळत नाही.

मग अडते कुठे? मजकूर मराठी दिसतो, पण फाइलच्या पोटात तो मराठी नसतो, तिथे.

संगणकाला 'क' हे अक्षर कळत नाही, त्याला आकडा कळतो. युनिकोड या जागतिक पद्धतीत जगातल्या प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक आहे. देवनागरी 'क'चा क्रमांक ०९१५. हा क्रमांक दिसला की कोणताही फोन, कोणताही स्क्रीन रीडर 'क' असेच म्हणतो. पण युनिकोड घरोघरी पोहोचण्याआधी आपल्याकडे डीटीपीचा जमाना होता. त्या काळातल्या फॉन्टनी वेगळा जुगाड केला. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकावर मराठी अक्षरांची चित्रे बसवली. 'कृतिदेव' फॉन्टमध्ये 'कमल' लिहायचे तर कळफलकावर डी, ई आणि वाय ही तीन इंग्रजी अक्षरे दाबावी लागतात. पडद्यावर 'कमल' उमटते, कागदावरही 'कमल'च छापले जाते. फाइलमध्ये मात्र साठते ते डी-ई-वाय. डोळस माणसाला काहीच फरक पडत नाही. स्क्रीन रीडर प्रामाणिकपणे फाइलमध्ये आहे ते वाचतो, आणि मुलाच्या कानावर 'कमल'ऐवजी 'डे' असे काही तरी येते. चार पानांचा धडा म्हणजे चार पानांची बडबड.

ही संगणकाची चूक नाही. छापील कागद हेच शेवटचे ठिकाण होते तेव्हा ही युक्ती चालून गेली. आता तीच फाइल पीडीएफ होऊन फोनवर येते आणि तिथे उघडी पडते. सरकारी परिपत्रके, शाळेच्या प्रश्नपत्रिका, गाइडांचे पीडीएफ, जुन्या कथापुस्तकांच्या फाइली, अशा अनेक ठिकाणी हे फॉन्ट अजून दडलेले आहेत. प्रश्नपत्रिका तयार करणाऱ्या डीटीपीवाल्याचा हात त्याच कळफलकावर बसलेला असतो. त्याला दोष देऊन काम होत नाही. कोणी तरी त्याला 'युनिकोडमध्ये टाइप करा' असे एकदा सांगावे लागते, आणि ते सांगणारा बहुधा कोणी नसतो.

दुसरा अडथळा स्कॅन केलेल्या पानांचा. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून केलेला पीडीएफ हे फक्त चित्र असते. स्क्रीन रीडर त्यावर गप्प बसतो किंवा 'इमेज' एवढेच सांगतो. व्हॉट्सॲप गटावर येणारी कार्यपत्रिका, फळ्याचा फोटो, सुंदर चौकटीत बसवलेला सुविचार, सगळे याच जातीचे. कोरोनाकाळात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या उपक्रमातून रोज अभ्यास फोनवर जाऊ लागला. तेव्हापासून गृहपाठ फोटोने पाठवण्याची सवय पक्की झाली. शिक्षकाच्या दृष्टीने ती सोपीच आहे. फोटोखाली दोन ओळी टाइप केल्या किंवा तोच गृहपाठ तीस सेकंदांच्या व्हॉइस मेसेजमध्ये वाचून दाखवला, तर दृष्टिहीन मुलाचे काम होते. अक्षर न ओळखणाऱ्या आजीचेही होते.

गणिताचे दुखणे आणखी वेगळे. 'तीन छेद चार' हा अपूर्णांक अनेकदा चित्र म्हणून टाकलेला असतो. वाक्य वाचता वाचता आवाज तिथे अडखळतो आणि नेमकी संख्याच गळते. भूमितीच्या आकृत्या तर बोलून सांगणे कठीणच. तिथे फोन बाजूला ठेवून पुठ्ठा, सुतळी, टेलर फ्रेम आणि ब्रेल हीच साधने उपयोगी पडतात. समग्र शिक्षा योजनेतून ब्रेल आणि मोठ्या अक्षरांतली पुस्तके दिली जातात. फोन आला म्हणून ब्रेलची गरज संपली, असे समजणे चूक आहे. ऐकून धडा कळतो, शुद्धलेखन कळत नाही. 'दिन' आणि 'दीन' कानाला जवळपास सारखेच, बोटांना मात्र वेगळे.

तुमच्या फोनवर करून पाहा

मुलाच्या पुस्तकाचा किंवा शाळेने पाठवलेल्या प्रश्नपत्रिकेचा पीडीएफ उघडा. एका परिच्छेदावर बोट दाबून धरा, मजकूर कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवण्यासाठी पेस्ट करा. जसाच्या तसा मराठी मजकूर आला तर फाइल वाचनयोग्य आहे. अनोळखी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे उमटली तर फॉन्ट जुना आहे. काहीच निवडता आले नाही तर ते स्कॅन केलेले चित्र आहे. कधी कधी चौथा प्रकार दिसतो. मजकूर मराठीच येतो, पण वेलांट्या भलत्या अक्षराला चिकटलेल्या असतात आणि जोडाक्षरे तुटलेली असतात. म्हणजे फॉन्ट ठीक, पीडीएफ बनवताना गडबड झाली.

टॉकबॅक कसे असते ते पाहायचे असेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी किंवा सुलभता विभागात जाऊन ते सुरू करा. पण आधी एक सूचना. टॉकबॅक सुरू झाले की फोन नेहमीसारखा चालत नाही. एकदा स्पर्श केला की तो फक्त नाव वाचतो, उघडण्यासाठी लागोपाठ दोनदा टिचकी मारावी लागते आणि पान सरकवायला दोन बोटे लागतात. 'फोन बिघडला' म्हणून दुकानात धाव घेणारे लोक असतात ते यामुळेच. बहुतेक फोनमध्ये आवाजाची दोन्ही बटणे तीन सेकंद एकत्र दाबून धरली की ते बंद होते, मात्र हा शॉर्टकट आधी सेटिंग्जमध्ये सुरू असावा लागतो.

तयार पुस्तके कुठे मिळतात?

'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय २४ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झाले. दृष्टिहीन, अल्पदृष्टी किंवा अन्य कारणाने छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांना तिथे सदस्य होता येते. पुस्तके 'डेझी' पद्धतीतही असतात. डेझी म्हणजे नुसते ध्वनिमुद्रण नव्हे. त्यात धडा, उपविभाग आणि पान यांवर थेट उडी मारता येते. परीक्षेच्या आदल्या रात्री सहावा धडा ऐकण्यासाठी पहिल्या पाच धड्यांतून जावे लागत नाही.

अशी पुस्तके बनवण्यासाठी प्रत्येक वेळी प्रकाशकाची परवानगी लागत नाही, कारण २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीत त्यासाठी सूट आहे. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीच्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश होता, २०१४ मध्ये. कायद्याचा रस्ता मोकळा आहे. त्यावरून मराठी पुस्तके नेणारी माणसे हवीत.

ऐकू न येणाऱ्या मुलीसाठी काय?

पहिली सुचणारी गोष्ट म्हणजे व्हिडिओखाली मथळे. ते हवेतच, पण इथे एक गैरसमज आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलीच्या कानावर मराठी पडलेलीच नसते. घरात कोणाला सांकेतिक भाषा येत नसेल तर शाळेत येईपर्यंत तिच्याकडे धड कोणतीच भाषा नसते. तिला 'बाष्पीभवन' असा मथळा वाचायला देणे म्हणजे आपल्यासमोर अनोळखी लिपी धरण्यासारखे. म्हणून तिला आधी भाषा हवी, आणि तीही लवकर.

या बाबतीत देशपातळीवर गेल्या दहा वर्षांत बरेच काम झाले. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशात २०१८ साली तीन हजार शब्द होते. २०२१ च्या आवृत्तीत ते दहा हजारांवर गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये या केंद्राने एनसीईआरटीशी करार करून पाठ्यपुस्तके सांकेतिक भाषेत आणण्याचे काम हाती घेतले. डिसेंबर २०२४ मध्ये पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी सांकेतिक भाषेसाठी सुरू झाली.

कर्जतच्या मुलीसाठी यात एक मोठी मेख आहे. हे काम प्रामुख्याने एनसीईआरटीच्या पुस्तकांवर आहे आणि तिच्या दप्तरात बालभारतीचे पुस्तक आहे. जलचक्र दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे विज्ञानात निभावून जाते. शिवकाळ, मराठी कविता आणि स्थानिक भूगोल यांचे काय, हा प्रश्न उरतो. बोलणे ऐकून लगेच अक्षरांत दाखवणारे गुगलचे 'लाइव्ह ट्रान्स्क्राइब' २०१९ मध्ये आले. वाचता येणाऱ्या मोठ्या मुलांना त्याचा उपयोग होतो. पण पत्र्याच्या छताखाली चाळीस मुलांच्या कलकलाटात ते गोंधळते, आणि पाऊस पडत असेल तर विचारूच नका.

न दिसणारी अडचण कशी ओळखायची?

तोंडी हुशार आणि लेखी कच्चा अशा मुलाला घरी-दारी 'आळशी' हे एकच निदान मिळते. महाराष्ट्राने दहावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना सवलती द्यायला १९९६ मध्येच सुरुवात केली. तेव्हा ही कल्पना देशात नवी होती. पण तपासणीची सोय आणि जाणीव मुंबई-पुण्यात एकवटली. शिवाय चाचण्या इंग्रजीतल्या. इंग्रजीचे स्पेलिंग चुकते म्हणून मराठी शाळेतल्या मुलाला डिस्लेक्सिया आहे की नाही, हे कसे ठरवणार? मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' हे चाचणीसाहित्य आणले. त्यात हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीही आहे.

शाळेच्या पातळीवर एनसीईआरटीचे 'प्रशस्त' हे ॲप आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये ते आले. त्याचा पहिला भाग वर्गशिक्षक भरतात. मूल पुस्तक डोळ्यांजवळ धरते का, हाक मारल्यावर वळते का, ओळ गाळून वाचते का, अशी निरीक्षणे त्यात असतात. त्यावरून शंका आली तर दुसरा भाग विशेष शिक्षक भरतात. हे निदान नव्हे, फक्त चाळणी. प्रमाणपत्र डॉक्टरच देतात. कर्जतमधून जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. मुलासोबत एका पालकाची रोजंदारी बुडते. चाळणीत नाव येऊनही पुढची पायरी राहून जाते ती बऱ्याचदा इथेच.

मग खरी अडचण फोनची की माणसांची?

फोनची तर नक्कीच कमी. 'असर २०२४' या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात १४ ते १६ वयोगटातील सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. ८२ टक्क्यांना तो वापरता येतो. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारे ५७ टक्के होते आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के.

कमतरता आहे ती टॉकबॅक शिकवणाऱ्या, श्रवणयंत्राचा साचा कानात नीट बसला का ते पाहणाऱ्या आणि वर्गशिक्षकाला 'याला पुढे बसवा, फळ्यावर लिहिताना बोलत लिहा' असे सांगणाऱ्या माणसाची. हे काम विशेष शिक्षकांचे. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात प्राथमिक स्तरावर दहा आणि माध्यमिक स्तरावर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण सांगितले. महाराष्ट्रात हे शिक्षक वर्षानुवर्षे कंत्राटी होते. एकाच्या वाट्याला अनेक शाळा आणि शाळांमध्ये कित्येक किलोमीटर अंतर. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. केंद्र म्हणजे साधारण दहा-पंधरा शाळांचा गट. वस्तीवरच्या मुलाच्या वाट्याला आठवड्यातून एखादी भेट आली तरी ती जास्तच म्हणायची. उरलेले दिवस वर्गशिक्षकाचे, आणि त्याच्याकडे दोन वर्ग असतात.

ऊसतोडीला गेलेल्या मुलाचा प्रश्न आणखी अवघड. कर्जत-जामखेड पट्ट्यातून दिवाळीनंतर कुटुंबे निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलाला श्रवणयंत्र असेल तर बॅटरी संपल्यावर फडात ती कोण आणून देणार? शाळेची माहिती पोर्टलवर असते, पण मुलाला मोठ्या अक्षरांचे पुस्तक लागते की दुभाषी, ही नोंद त्याच्याबरोबर साखर कारखान्याजवळच्या शाळेत पोहोचेलच असे नाही. जाण्याआधी शिक्षकाने पालकांच्या फोनवर एक साधा संदेश टाइप करून दिला, त्यात मुलाची गरज आणि वापरातली उपकरणे लिहिली, तरी तिकडच्या गुरुजींचा पहिला महिना वाचतो. त्यासाठी कोणतेही नवे ॲप लागत नाही.

पालकांनी कुठे जायचे?

पहिला थांबा वर्गशिक्षक, दुसरा पंचायत समितीच्या आवारातले गट साधन केंद्र. तिथे समावेशित शिक्षणाचे काम पाहणाऱ्या विशेष शिक्षकांची चौकशी करा. उपकरणांसाठीच्या मोजमाप शिबिराची तारीखही तिथेच कळते. शिबिराला जाताना मुलाचे आधार कार्ड, फोटो, उत्पन्नाचा दाखला आणि असल्यास दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र बरोबर ठेवा. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी ओळखपत्रासाठी 'स्वावलंबन' पोर्टलवर अर्ज करता येतो. हा फॉर्म फोनवर भरता येतो, पण कागदपत्रे ठरलेल्या आकारात अपलोड करताना दमछाक होते. सेतू केंद्रात भरून घेतला तर भरलेल्या अर्जाची पावती आणि नोंदणी क्रमांक मागून घ्या.

समग्र शिक्षेत दिव्यांग विद्यार्थ्यासाठी वर्षाला साडेतीन हजार रुपयांपर्यंतची तरतूद आहे. मुलींना दहा महिने दरमहा दोनशे रुपये विद्यावेतन वेगळे. ते बँक खात्यात येते, म्हणून मुलीचे खाते आधारशी जोडलेले आहे का ते जूनमध्येच पाहून ठेवा. तीव्र दिव्यांगत्वामुळे शाळेत जाणे शक्य नसेल तर घरी येऊन शिकवण्याची तरतूदही योजनेत आहे. त्यासाठीही नाव मात्र शाळेच्या पटावर असावे लागते.